अर्धा स्वेटर वणीचा

यवतमाळ,
१० मार्च २०२५

ती. नलूताईंना,
रत्नप्रभाचा सा. न. वि. वि.

रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र काहून, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचं उत्तर तुमच्या धाकट्या भावाकडे मागा. यांनी तुमचं आणि माझं नाव एका स्पर्धेत घालून टाकलं आहे. मला ते काल कळलं, तेही भाजी चिरता चिरता.

इथल्या सूत-लोकर मंडळाची स्पर्धा आहे. जोडी एकाच घरातली पण दोन गावांतली पाहिजे. दोघींनी मिळून एकच स्वेटर विणायचा, उजवी बाजू एकीने, डावी दुसरीने. स्पर्धेच्या दिवसापर्यंत एका बाजूने दुसऱ्या बाजूचं तोंड पाहायचं नाही. विणकामाबद्दल जे काय बोलायचं ते फक्त पत्रातून, अन् शिक्का बसलेली पाकिटं त्या दिवशी टेबलावर मांडायची. फोनवर एका टाक्याचाही विषय निघाला तर जोडी बाद. मंडळाच्या अध्यक्षांची सगळी नोकरी पोस्टात झाली, त्यामुळे हा नियम कोणाच्याने बदलवला नाही. दोन्ही बाजू मंचावर जोडायच्या, घरातल्या एका माणसाने तो स्वेटर घालून दाखवायचा, अन् मग टकळीवर सूत कातायची फेरी. हे सगळं संक्रांतीला व्हायचं होतं, पण हॉल मिळाला नाही म्हणून आता ४ मे रोजी आहे. मे महिन्यात यवतमाळात स्वेटर घालून कोण उभं राहणार, असं मी विचारलं तर हे म्हणाले, मी आहे ना.

एवढा त्याग यांच्या अंगी कुठून आला ते बक्षिसं कळल्यावर समजलं. पहिलं बक्षीस पेटीचरखा आणि पोतंभर पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळ्या. दुसरं बक्षीस मोठा कूलर. तुमच्या भावाला दुसरं हवं आहे. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, की दोघींनी चांगलं विणा, पण फार चांगलं विणू नका.

सोबत मंडळाने दिलेली लोकरीची पिशवी पाठवते आहे. एक गडद निळी, एक बाटलीच्या काचेसारखी हिरवी, दोन्ही वजनाला सारख्याच. अंग आणि बाही निळी, खालचा काठ हिरवा. गळपट्टी मात्र आपण हाताने कातलेल्या सुताची. माझी उजवी बाजू, तुमची डावी. पुढून बटणं, पाठीवर शिवण. मापं मागच्या पानावर आहेत. छातीचं माप घेताना यांनी श्वास रोखून पोट आत ओढलं होतं, तेव्हा थोडं सैलच विणा. बाकी तुम्ही जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, रंगाचं मी तुम्हाला काय सांगावं!

आपला लोभही सैल टाक्यासारखाच असू द्या, ओढून घट्ट करू नका.

तुमची,
रत्नप्रभा


वणी,
१९ मार्च २०२५

चि. सौ. रत्नप्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि पिशवी पोचली. मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं असं तुझं अक्षर कधीपासून झालं? दोन ओळी वाचल्या अन् सोडून दिलं. बाकीचं बबिताने वाचून दाखवलं. बबिता म्हणजे वरच्या खोलीतली माझी भाडेकरू. तिचा नवरा शाम कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. तो खाणीवर गेला की ही माझ्याजवळ विणकाम शिकायला येऊन बसते.

कमलाकरला सांग, इतकी वर्षं मी पोरांना चित्रकला शिकवली, पण एकाही पोराला दुसरा नंबर आण असं सांगितलं नाही. त्याला कूलर पाहिजे तर त्याने सुया हातात घ्याव्या. मी पहिल्या नंबरासाठी विणणार. पेटीचरख्यासाठी खिडकीपाशी जागासुद्धा करून ठेवली आहे.

इकडची हालहवाल अशी. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मारेगावला निघाले. स्टँडवर बस उभी होती, बसले. घुग्घुस आलं तेव्हा कळलं की बस चंद्रपूरची आहे. आजकाल पाट्या कोण रंगवतं कोण जाणे, एक अक्षर धड नसतं. मी कंडक्टरला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, आजी, लग्नं इकडेही आहेत, उतरा इथेच.

परवा फाटकाशी अतुल उभा दिसला. तोच अतुल, माझा जुना विद्यार्थी, ज्याने हत्तीला सहा पाय काढले होते. आत ये, चहा घे, असं कितीदा म्हटलं, पण पठ्ठ्या जागचा हलेना अन् बोलेना. शेवटी मी त्याला चांगलं झापलं. तेवढ्यात बबिता धावत आली अन् म्हणाली की बाई, तो शामचा शर्ट आहे, वाळत घातलेला. शर्ट असा माणसासारखा वाळत घालायचा कायले, सांग बरं.

कोळशाच्या धुळीने इथे सगळंच मळकट दिसून राहिलं आहे. ट्यूबलाइट बदलून पाहिली, ती कंपनीसुद्धा भुक्कड निघाली.

डावी बाजू आज सुईवर घेतली. लोकर छान निळीशार आहे.

माझा आशीर्वाद पहिल्या नंबराला आहे, दुसऱ्याला नाही.

नलूताई


यवतमाळ,
२९ मार्च २०२५

ती. नलूताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेतलं अन् आधी वाटलं की आत चित्रकलेच्या वर्गाचा तक्ता आहे. केवढालं अक्षर! एका पानावर चार ओळी. मला मुंगी म्हणता, पण तुमची तर हत्तीची पावलं दिसून राहिली आहेत, तीही अतुलच्या हत्तीची.

थट्टा सोडा. ताई, तुम्ही डोळे दाखवून घ्या ना एकदा. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता हे शेजारच्या अंगणात काय वाळत घातलं आहे ते घरात बसून सांगतात. नको तेवढं दिसू लागलं आहे. तुम्ही इकडे या, आम्ही सगळं बघू.

माझी बाजू बगलेपर्यंत आली. हे रोज संध्याकाळी येऊन बसतात, विणकामाकडे पाहतात, अन् फार नीट होऊन राहिलं आहे असं म्हणून उसासा टाकतात. काल मी एक टाका सोडला, तर मला चहा करून दिला.

गळपट्टीचं सूत कातायला बसले होते. टकळी गरगर फिरते, सूत तटकन तुटतं, अन् टकळी पलंगाखाली जाते. आता पलंगाखालची जागा मला पाठ झाली आहे.

उत्तरात डोळ्यांचं लिहा. लोभ तर आहेच, त्याला वेगळं काय सांगायचं.

तुमची,
रत्नप्रभा


वणी,
५ एप्रिल २०२५

रत्नप्रभाकाकूले,
बबिताचा राम राम.

काकू, मी वरच्या खोलीतली बबिता. तुमच्या चिठ्ठ्या बाईले मीच वाचून दाखवत असतो. ही चिठ्ठी बाईले न सांगता लिहून राह्यली, मनून रागावू नोका.

बाईले दिसत नाही काकू. म्हणजे दिसते, पन धुक्यातल्यावानी. चहात साखरेच्या जागी मीठ घालतात, अन् पिऊन झाल्यावर म्हणतात का मिठाचा चहा तब्येतीले चांगला. गॅस पेटला का नाही ते हात धरून पाह्यतात, मले त्याची लय भीती वाटते. डोळ्याचं नाव काढलं का विषय बदलतात. तुमच्या चिठ्ठीत तेवढं आलं तं मले म्हणे, पुढं वाच.

आता खरी गोष्ट सांगतो. बाई स्वेटर हिरव्या लोकरीनं विणून राह्यल्या. निळी समजून. म्या म्हनलं, बाई, हा हिरवा हाये. तं अशा भडकल्या! म्हणे, मी जलमभर पोराईले रंग शिकवले, अन् तू मले रंग शिकवतं काय? दोन दिवस माह्यासंगं बोलल्या नाही. आता बाही सोडून पुरी डावी बाजू हिरवी झाली, अन् खालचा काठ निळा.

उसवा मनून सांगायची माही हिंमत नाही. काहून का बाई आजकाल लय खुशीत हायेत. पहिले दिवसभर खिडकीत बसून राह्यच्या, आता सकाळपासून सुया चालतात, गाणं म्हणतात. टाके तं असे एकसारखे का मशीन लाजन. बोटानं मोजतात, डोळ्यानं नाही.

माही याडी, म्हणजे माय, रुपीबाई, पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर राह्यते. तिचंही असंच झालतं. तिलेही वाटे का दुनियाच मळकी झाली. ऑपरेशन झालं, अन् आता मी फाट्यावर उतरली का ती तांड्यावरून हात हालवते.

काकू, तुमीच काही करा. माहं नाव सांगू नोका, नाहीतं विणकामाचा वर्ग बंद होईन.

मायाळूपन राहू द्या.

बबिता


यवतमाळ,
१० एप्रिल २०२५

ती. नलूताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र बबिताला सावकाश वाचायला सांगा, कारण यात एक मोठा बदल आहे.

मी रात्रंदिवस विचार केला की तुमच्यासारखी चित्रकलेची बाई जोडीला असताना साधा निळा स्वेटर विणायचा म्हणजे तुमचा अपमान आहे. सगळ्या जोड्या तेच करतील. तेव्हा आपण बाहीचा रंग उलटा करू. अंगाला जी लोकर वापरली ती बाहीला लावायची नाही. काठाला जी वापरली, तिनेच बाही विणायची. लक्षात ठेवा, जी काठाला, तीच बाहीला. बबिता, हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

माझी उजवी बाही मी उसवून पुन्हा घातली. यांनी विचारलं की असं काहून, तर मी म्हटलं, पहिल्या नंबरासाठी. तेव्हापासून तुमचे भाऊ जेवताना बोलत नाहीत.

पत्र पोचल्याचं कळवा, अन् बाहीला हात घाला. तुमच्या मर्जीतून माझं नाव गळू देऊ नका.

तुमची,
रत्नप्रभा


वणी,
२० एप्रिल २०२५

चि. सौ. रत्नप्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी कल्पना वाचली. इतक्या वर्षांत तुला पहिल्यांदाच रंगाचं काही सुचलं. निळ्याशेजारी हिरवा ठेवायला छाती लागते. मी असते तर हिरवा जरा पोपटी घेतला असता, पण असो. बाही पूर्ण झाली. निळ्या अंगाला हिरवी बाही लावून पाहिली अन् मलाच माझं कौतुक वाटलं. बबिताला विचारलं की कशी दिसते, तर तिने तोंडाला पदर लावला अन् म्हणाली, लय भारी बाई. पोरीला कलेची जाण येऊन राहिली आहे.

सूतही कातून झालं. आमच्या शाळेत टकळीचा तास असायचा, तेव्हाची सवय बोटांतून गेलेली नाही. पेळू किती सोडायचा अन् पीळ किती द्यायचा, ते बोटांना आपोआप कळतं. डोळे मिटून बसलं तरी चालतं. तुझी टकळी पलंगाखाली जाते, कारण तू तिच्याकडे टक लावून पाहत बसतेस. कोणी असं पाहत बसलं तर मीसुद्धा पलंगाखाली जाईन.

४ मे रोजी सकाळच्या बसने निघते. बबिता आणि शाम सोबत आहेत, त्यामुळे बस यवतमाळचीच मिळेल. माझे दोनचार जुने विद्यार्थी यवतमाळात असतात, त्यांनाही बोलावून घेतलं आहे. बाई पहिल्या आल्या हे त्यांनी पाहायला पाहिजे.

डोळ्यांचं म्हणशील तर तो विषय स्पर्धेनंतर.

आशीर्वाद तयार आहे, पेटीचरखा आणायला पिशवी मोठी ठेव.

नलूताई


वणी,
६ मे २०२५

सौ. रत्नप्रभाबाई यांस,
नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. बबिताला सांगितलं नाही, कारण तीही आपल्याला सामील होती.

आपण मंचावर माझ्या शेजारीच होता, तरी मला काय वाटलं ते आपल्याला कळावं म्हणून लिहिते. दोन्ही बाजू जोडल्या. कमलाकरने तो स्वेटर घातला. श्वास सोडताच त्याचं वरचं बटण तुटून अध्यक्षांच्या चहाच्या कपात पडलं. लोक हसले, मीही हसले. मग नागपूरच्या परीक्षक बाई पुढे आल्या. फारच सुंदर कल्पना आहे म्हणाल्या, एकीकडे निळं अंग आणि हिरवी बाही, दुसरीकडे हिरवं अंग आणि निळी बाही. डावं अंग हिरवं ठेवायचं कोणाला सुचलं, असं त्यांनी मला विचारलं.

मी माइक हातात घेऊन त्यांना सांगितलं की डावं अंग निळं आहे, बाही तेवढी हिरवी. सभागृह हसलं. मला वाटलं परीक्षक बाईंचं चुकलं म्हणून लोक त्यांना हसतात. म्हणून मी कमलाकरला बाहीला धरून पुढे ओढलं अन् निळा कशाला म्हणतात, हिरवा कशाला म्हणतात, हे त्यांना पहिलीच्या पोराला समजवावं तसं समजावून सांगितलं. लोक आणखीच हसले. समोर माझे विद्यार्थी बसले होते. तेवढेच हसत नव्हते.

मग माझ्या कानाशी आपला आवाज आला, की नलूताई, हो म्हणा. तेव्हा मला सगळं समजलं. बाहीचा रंग उलटा करायचं पत्र का आलं, बबिताने पदर का लावला, सगळंच.

सूतकताईच्या फेरीत मी डोळे मिटूनच बसले, कारण उघडे ठेवून उपयोग काय. घंटा होईपर्यंत माझं सूत तुटलं नाही. त्यामुळे आपली जोडी दुसरी आली. कमलाकर कूलरला मिठी मारून फोटो काढत होता, तेव्हा मी स्टँडवर निघून आले.

मला आपण सांगितलं असतं तर मी रागावले असते, उसवलं असतं. पण माझी फजिती माझ्या घरात झाली असती.

त्या कूलरची हवा आपल्याला लखलाभ. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

नलिनी


यवतमाळ,
१३ मे २०२५

ती. नलूताईंना,
रत्नप्रभाचा साष्टांग नमस्कार, अन् तो खरोखर जमिनीवर डोकं टेकून.

तुमचा फोन बंद आहे, म्हणून लिहिते. हे पत्र मी स्केचपेनने, मोठ्या अक्षरात लिहिते आहे, बबिताची मदत घ्यावी लागू नये म्हणून. त्यामुळे पाकीट असं फुगलं आहे. पोस्टातल्या माणसाने आत कपडे आहेत का, असं विचारलं.

ताई, मी चुकले. मला वाटलं की तुमची चूक मी गुपचूप झाकली. पण ती मी भर सभेत उघडी पाडायची व्यवस्था केली. तुम्ही आपण-आपण म्हणून लिहिलंत, ते वाचून मला स्वयंपाक सुचला नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

पण एक सांगते. मी सांगितलं असतं तर तुम्ही विणकाम फेकून दिलं असतं, अन् आला नसता. दिवाळीत दोन दिवस येता, तेही पिशवी न उघडता. मला बक्षीस नको होतं, तुम्ही यायला हव्या होत्या. अन् तुम्ही आलात तर माझ्यामुळे उपाशी परत गेलात. तुमच्यासाठी केलेला पुरणाचा स्वयंपाक तसाच राहिला.

कूलर आला आहे. खोक्यातून काढून बैठकीत ठेवला आहे. पण तो सुरू करायचा नाही, असं मी जाहीर केलं आहे. अर्ध्या कूलरची मालकीण वणीला आहे. ती येऊन समोर बसेल तेव्हाच बटण दाबलं जाईल. बाहेर अंगार पडून राहिला आहे. तुमचे भाऊ ओला पंचा डोक्यावर घेऊन बंद कूलरसमोर बसतात अन् त्याच्या पात्यांकडे पाहतात.

रागावलेल्या असाल तरी उत्तर लिहा. रागाचा लोभ असला तरी मला चालेल.

तुमचीच,
रत्नप्रभा


यवतमाळ,
१७ मे २०२५

प्रति,
ती. नलूताई, वणी यांचे सेवेशी.

विषय : कूलर सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ६ मेचे रागाचे पत्र.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपला सख्खा धाकटा भाऊ असून त्याने भर उन्हाळ्यात सर्वांसमक्ष लोकरीचा स्वेटर परिधान केला होता. त्याबद्दल त्यास जो कूलर प्राप्त झाला, तो अर्जदाराच्या पत्नीने आपल्या आगमनापर्यंत बंद ठेवला आहे. अर्जदाराने काल फक्त बटणाची धूळ पुसली असता, सदर पत्नीने स्वयंपाकघरातून आवाज दिला. तरी आपण त्वरित यवतमाळ येथे येऊन डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, म्हणजे दोन्ही प्रकरणे एकाच वेळी निकाली निघतील.

ताई, आता कचेरीची भाषा पुरे. मी सगळ्यांना सांगत असतो, की माझ्या ऑपरेशनच्या वेळी मीच डॉक्टरांना धीर दिला. ते खोटं आहे. मी रडलो. नर्सबाईंचा हात असा धरला की त्यांनी दुसऱ्या हाताने लिहून घेतलं. अन् मग ते इतक्या लवकर संपलं की मला माझी लाजच वाटली. तुला भीती वाटत असेल तर वाटू दे. पण भीत भीत ये.

आपला उकडलेला आज्ञाधारक,
कमलाकर


वणी,
२४ मे २०२५

चि. सौ. रत्नप्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पोतडं अन् कमलाकरचा अर्ज, दोन्ही मिळाले. अर्ज वाचून एवढी हसले की बबिता वरून खाली आली. तिच्याशीही बोलणं सुरू केलं आहे. तिने तिच्या याडीला फोन लावून दिला. रुपीबाई मला म्हणाल्या की ऑपरेशनला काही लागत नाही, पण नंतर घरातली जाळी दिसू लागतात, त्याची तयारी ठेवा.

माझे विद्यार्थीही येऊन गेले. बाईंची फजिती झाली म्हणून समाचाराला आले असतील, असं मला वाटलं. पण अतुल म्हणाला, बाई, माझ्या सहा पायांच्या हत्तीला तुम्ही नापास केलं नव्हतं, तुम्ही म्हणाला होता की हा पळत असेल. त्याला अजून ते लक्षात आहे. मग मला तुझ्यावर राग धरून बसणं जड जाऊ लागलं.

आता खरं काय ते लिहिते. कमलाकरला वाटतं की मी ऑपरेशनला भिते. मी ऑपरेशनला भीत नाही गं. मी तुम्हाला भिते. एकदा डोळ्याला पट्टी बांधून तुमच्या घरी आले, की तुम्ही मला परत पाठवणार नाही. आता या वयात एकटं कशाला राहता, असं म्हणाल. मागच्या खोलीला रंग दिल्याचं कमलाकर एका दिवाळीत सहज बोलून गेला होता. तेव्हापासून मी तुमच्याकडे पिशवी उघडलेली नाही. इथे माझं फाटक आहे, माझी गल्ली आहे, येता-जाता बाई म्हणून हाक मारणारी पोरं आहेत, आता त्यांचीही पोरं आहेत. धूळ असली तरी ती माझ्या ओळखीची आहे.

डॉक्टरांचे दिवस संपले की मला वणीच्या बसमध्ये बसवून देशील, असं वचन दे. मग मी येते.

उत्तर मोठ्या अक्षरात लिही. आशीर्वाद पूर्ववत सुरू केले आहेत.

नलूताई


यवतमाळ,
२९ मे २०२५

ती. नलूताईंना,
सा. न. वि. वि.

वचन दिलं. डॉक्टर ज्या दिवशी हो म्हणतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुम्हाला वणीच्या बसमध्ये बसवून देईन. पाटी वाचून.

मागच्या खोलीचा रंग ओल आली म्हणून दिला होता. पण तुम्हाला वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून त्याबद्दल वाद घालत नाही.

या लवकर. कूलरसमोरचा माणूस वाळून चालला आहे.

तुमची,
रत्नप्रभा


वणी,
२६ जून २०२५

चि. सौ. रत्नप्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर पाहिलंस? एका पानात सगळं बसवणार आहे.

सुखरूप पोचले. एकाच डोळ्याने एवढं दिसतं, तर दुसऱ्याचं झाल्यावर काय होईल, याचीच भीती वाटते. रुपीबाई खरं बोलल्या होत्या. घरात पाय ठेवला अन् वाटलं की चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरात आले. छताला जाळी, डब्यांना थर, अन् ज्या पांढऱ्या चादरीवर मी वर्षभर झोपते आहे ती पिवळी निघाली. बबिताच्या नाकात चमकी आहे, हे मला आत्ता कळलं. ट्यूबलाइटच्या कंपनीची मनातल्या मनात माफी मागितली.

तो स्वेटरही तुमच्याकडे नीट पाहिला. सर्कशीतला माणूससुद्धा घालणार नाही असा झाला आहे. परीक्षक बाईंना तो सुंदर कसा वाटला कोण जाणे, त्यांनाही डोळे दाखवायला सांग. अन् तुझ्या उजव्या बाजूला बगलेखाली एक टाका गळलेला आहे. तो कमलाकरच्या चहाचा, हे मी ओळखलं.

कमलाकर म्हातारा झाला गं. पट्टी काढली अन् समोर तो उभा होता, तेव्हा मी आधी त्याला आमचे बाबाच समजले. त्याला सांगू नकोस. मला पाहून तो काय समजला, तेही विचारू नकोस.

आता एक तक्रार. डॉक्टरांनी हो म्हटलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझी पिशवी भरून दारात ठेवलीस. डबा बांधलास, स्टँडवर आलीस, पाटी मोठ्याने वाचलीस अन् मला बसवून दिलंस. मी दोनदा म्हटलं की आज आभाळ आहे. तिसऱ्यांदा म्हटलं की तुझ्या हातचं पिठलं खायचं राहिलं. तू म्हणालीस, डब्यात दिलं आहे. वचन दिलं हे मान्य. पण माणसाने तोंडदेखला तरी आग्रह करावा की नाही? राहा अजून दोन दिवस, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी नाहीच म्हटलं असतं. पण म्हणायचं असतं ते.

लोभ आहे, पण सध्या थोडा फुगलेला आहे.

नलूताई


यवतमाळ,
२ जुलै २०२५

ती. नलूताईंना,
सा. न. वि. वि.

आता फोनवर सगळंच बोलता येतं, पण हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

बसच्या पायरीवर तुमचा पाय थांबला होता. मी पाहिलं ते. आग्रह अगदी ओठांवर आला होता. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही खाली उतरला असता, हे तुम्हालाही माहीत आहे. पण मग दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तुम्ही आला असता का? म्हणून मी पाटीच वाचत राहिले. बस वळली तेव्हा तुमच्या भावाने मला विचारलं की तू कशाला रडतेस, तूच तर तिला पाठवलं. पुरुषांना काही समजत नाही.

पिठलं बरोबर झालं होतं का ते तुम्ही लिहिलं नाही. मागच्या खोलीत तुमची उशी तशीच ठेवली आहे, पण खोलीला आता आम्ही मागची खोलीच म्हणतो, दुसरं काही नाही.

आग्रह मला तुमच्याकडून शिकायचा आहे. म्हणून सोमवारच्या सकाळच्या बसने मी वणीला येते आहे. हे येणार नाहीत. कूलरसमोरून उठायला तयार नाहीत. पावसाळा लागला तरी बसून राहिले आहेत, अन् थंडी वाजते म्हणून तो स्वेटर घातला आहे.

चार दिवस राहीन म्हणते. तुम्ही धरून ठेवलंत तर जास्त. जाळी मी काढून देईन, चादर धुऊन देईन, पण माझ्या टाक्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

स्टँडवर बबिताला पाठवू नका. तुम्ही स्वतः या, अन् लांब स्टँडच्या फाटकापाशीच उभ्या राहा. कोणत्या रंगाची साडी नेसून उतरणार, ते मी सांगत नाही. तुम्ही तिथूनच ओरडून सांगा.

तुमची,
रत्नप्रभा